हिशेबातली एक ओळ : ‘जामीन व कोर्टखर्च’

मागच्या अंकाच्या शेवटच्या पानावर नेहमीप्रमाणे तिमाहीचा हिशेब छापला होता. शाळेची फी, वह्यापुस्तके, औषधे, दाखल्यांसाठी प्रवासखर्च, आणि त्याखाली एक ओळ – ‘जामीन व कोर्टखर्च’. रक्कम फार मोठी नव्हती. पण त्या एका ओळीबद्दल जेवढे फोन आले तेवढे आमच्या कुठल्याही कामाबद्दल आजवर आले नव्हते. मुलुंडच्या एका ज्येष्ठ बंधूंनी स्पष्टच विचारले, “ताई, आम्ही दशांशातून देतो ते आदिवासी लेकरांसाठी. चोरी करून आत गेलेल्यांना सोडवायला नाही. उद्या बाहेर येऊन ते पुन्हा तेच करणार.” अंधेरीच्या एका भगिनीचा आवाज मात्र कापत होता. मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांची साखळी खेचली, मानेला टाके पडले. त्या म्हणाल्या, “माझ्यासाठी कोण आलं होतं कोर्टात?”

दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत आणि देणाऱ्यांना ते विचारण्याचा हक्क आहे. म्हणून संपादकांकडून या वेळी थोडी जास्त जागा मागून घेतली.

गरीब म्हणून चोर?

आपल्या सभांतून एक वाक्य नेहमी ऐकू येते : गरिबी आहे म्हणून गुन्हे होतात. बोलणाऱ्याच्या मनात दया असते, पण ते वाक्य गरिबांवर अन्याय करणारे आहे. तसे असते तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वारली पाड्यांच्या शेजारी इमारतीत राहणाऱ्या कुणाला रात्री झोप लागली नसती. पाड्यात पिण्याच्या पाण्याची मारामार, आणि भिंतीपलीकडे वीस मजली मनोरे. तरी त्या मनोऱ्यात जाऊन कुणी दरोडे घातले नाहीत.

देशांची तुलना केली तरी हेच दिसते. भारतात २०२२ मध्ये खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, म्हणजे लाख लोकांमागे साधारण दोन. जमैका आणि होंडुरास या देशांचे दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा जास्त आहे, पण खुनांचे प्रमाण आपल्या कित्येक पट. तिथे बंदुका सहज मिळतात, अमली पदार्थांचा व्यापार वस्त्यावस्त्यांत शिरला आहे, आणि खून करूनही आपण पकडले जाणार नाही अशी खात्री टोळ्यांना असते. शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती होणार हे किती नक्की आहे, याने माणूस थांबतो, असे बेक्कारिया नावाच्या इटालियन विचारवंताने १७६४ मध्ये मांडले होते. त्यानंतरच्या अभ्यासांतूनही बहुधा तेच निघाले. फाशी द्या, हातपाय तोडा असे म्हणणाऱ्यांनी यावर थोडे थांबून विचार करावा.

माझ्या मते गरिबीचे काम वेगळे आहे. ती माणसाला गुन्हेगार बनवते त्यापेक्षा, त्याला गुन्हेगार ठरवणे इतरांना सोपे करते. आणि एकदा ठरवला की तो तसा होण्याची शक्यता खरोखर वाढते. आपण ज्यांच्यात काम करतो त्या फासेपारधी कुटुंबांइतके याचे उघड उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नसेल.

जन्माने गुन्हेगार

इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात होता, १९११ च्या सुधारणेने सगळ्या ब्रिटिश मुलखात लागू करता येऊ लागला आणि १९२४ मध्ये पुन्हा पक्का केला गेला. कायद्याचा गाभा असा, की सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्यातला प्रत्येक जण गुन्हेगार. त्याने काही केले आहे का, हा प्रश्नच नाही. नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे द्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी लावायची, दुसऱ्या गावी जायचे तर पास घ्यायचा. हजेरी चुकली तर शिक्षा. पारधी, कैकाडी, कंजारभाट, बेरड, भामटा, छप्परबंद, रामोशी – आपल्याकडच्या कितीतरी जमाती या यादीत होत्या.

पुढचा भाग आपल्या मंडळ्यांतून फारसा सांगितला जात नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी ‘सेटलमेंट’ उभारल्या गेल्या आणि त्यांपैकी काहींचा कारभार सरकारने मिशनांकडे सोपवला. मुक्तिफौजेचे बूथ-टकर यांनी १९०८ मध्ये गोरखपूरला अशी वसाहत घेतली. आपल्या सोलापूरच्या सेटलमेंटचे काम अमेरिकन मराठी मिशनने पाहिले. तिथे शाळा होती, औषधपाणी होते, गिरणीत रोजगार होता. काम करणाऱ्यांच्या मनात सेवाभाव होता याबद्दल मला शंका नाही. पण जन्मावरून माणूस चोर ठरतो हे गृहीतक त्यांनी सरकारकडून जसेच्या तसे घेतले आणि त्यावर सेवेची इमारत बांधली. धर्मशास्त्राच्या वर्गात आम्हांला आदिपापाचा धडा होता. ते पाप सगळ्या मानवजातीचे होते. एखाद्या जमातीच्या वाट्याला सरकारी राजपत्राने वेगळे पाप दिले आहे, असे कोणत्याही पाठात नव्हते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने हा कायदा काढून टाकला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले; आपल्याकडचा १९५९ चा. कागदावर तो जमातीला नाही, व्यक्तीला लागतो. ठाण्यातली जुनी वही मात्र जमातीचीच राहिली.

उदरनिर्वाहाचे म्हणाल तर फासेपारध्यांचे नावच फाशावरून पडले. तितर, लावे, ससे धरायचे आणि विकायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. जंगलातली जनावरे वाचायला हवीतच, त्याबद्दल माझे दुमत नाही. पण बंदी घालताना, आता हे लोक काय खातील, याची व्यवस्था कुणी केली नाही. जमीन नव्हतीच. काही जण शेतांची राखण करू लागले. म्हणजे ज्याला चोर म्हणायचे त्यालाच राखणीला ठेवायचे! राखणदार म्हणून त्यांच्यावर भरवसा होता, शेजारी म्हणून नव्हता.

हा शिक्का जीव घेतो. १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन शबर आणि आपल्या बारामतीत पिन्या हरी काळे हे विमुक्त जमातींमधले दोघे पोलिसांच्या ताब्यात असताना मेले. महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुले पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते सोलापूरकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून पोट भरणारे. जमाव पोलिसांचा नव्हता, तुमच्याआमच्यासारख्यांचा होता.

पुलाखालचा पत्ता

आता आपल्या उपनगरांत येऊ. ईस्टर्न आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या उड्डाणपुलांखाली, स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर, सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे राहतात. कित्येकांची दुसरी-तिसरी पिढी इथेच जन्मली. बायका गजरे ओवतात, लिंबूमिरच्या बांधतात, सिग्नलला फुगे विकतात. पंधरा ऑगस्टला झेंडे. महापालिकेची गाडी आली की माल जातो, आणि मालाबरोबर गोधडीच्या घडीत जपलेली कागदांची पिशवीही जाते. घाटकोपरच्या एका आजींची अशी पिशवी तीनदा गेली. आता त्या आधार कार्ड पोलक्यात शिवून ठेवतात.

ही पिशवी म्हणजे गुन्हेगारीच्या प्रश्नाचा अर्धा भाग आहे असे मी म्हटले तर काहींना नवल वाटेल. पण पाहा. बाळंतपण फुटपाथवर झाले आणि २१ दिवसांत नोंद झाली नाही. वर्ष उलटले की कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा. दाखला नाही तर पुढचे सगळेच अडते. जातीच्या दाखल्याची कथा याहून अवघड. आपल्या राज्यात फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, तर पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातींत. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा राहण्याचा पुरावा लागतो, विमुक्तांना १९६१ चा. ज्यांच्या आज्याला एका गावात तीन रात्री राहू दिले नाही, त्यांच्याकडे सत्तर वर्षांपूर्वीचा पत्ता मागायचा! गंमत अशी, की सगळ्यांत जुना लेखी पुरावा म्हणून काही घरांत सापडते ती आजोबांच्या नावाची पोलिसांची नोंद. एका मुलाचा जातीचा दाखला अशा कागदाच्या आधाराने झालेला मी पाहिला आहे.

दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही, घरकुल नाही, बँकेचे कर्ज नाही. मग परिसरात चोरी होते. पोलिसांवर वरून दबाव असतो. शोध कुठून सुरू होणार? ज्यांना दार नाही त्यांच्यापासून. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत आढळल्याबद्दल पोलीस कायद्यात १२२ वे कलम आहे. आता जो उघड्यावरच राहतो तो रात्री कुठे आढळणार? मालाचा समाधानकारक खुलासा न देता आल्याबद्दल १२४ वे आहे. चांगल्या वर्तणुकीची हमी घेणारी ‘चॅप्टर केस’ आहे. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे, ज्यात पोटापाण्याचे दिसण्यासारखे साधन नसताना भटकणेही बसते आणि किमान वर्षभर डांबता येते. दिल्लीपुरत्या त्यातल्या मुख्य तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केल्या.

पोलिसांबद्दल एक वाक्य लिहायलाच हवे. रात्रपाळीवर रात्रपाळी करणारे, स्वतः चाळीत राहणारे, बंदोबस्तात दिवसभर पायांवर उभे असलेले हे लोक आहेत, आणि त्यांत चांगले पुष्कळ आहेत. एक हवालदार कुणाला उचलले की स्वतःहून मला फोन करतात. पण व्यवस्थेने त्यांना सोपा रस्ता आखून दिला आहे आणि दमलेला माणूस सोपा रस्ता धरतो.

पंधरा हजार रुपये

आता त्या ओळीकडे येते. एका मुलाचे सांगते. वय एकोणीस, राहणार पुलाखाली. त्याच्याजवळ दोन मोबाईल सापडले, पावती एकाचीही नाही. (आपल्या घरातल्या किती मोबाईलच्या पावत्या सापडतील, जरा पाहा.) एक त्याच्या बायकोचा होता. दुसरा त्याने चोरबाजारातला म्हणून स्वस्तात घेतलेला होता आणि तो चोरीचाच निघाला. म्हणजे तो अगदी निर्दोष होता असे मी म्हणत नाही. न्यायालयाने दुसऱ्या आठवड्यात जामीन मंजूर केला : पंधरा हजारांचा जामीनदार किंवा तेवढी रोख.

जामीनदार म्हणजे पक्का पत्ता, रेशनकार्ड, पगाराची पावती किंवा मालमत्ता असलेला माणूस. त्याच्या ओळखीत असा एकही माणूस नव्हता. ज्यांना तो ओळखत होता ते सगळे त्याच पुलाखाली राहत होते. त्यामुळे मंजूर जामीन हातात असून तो चार महिने आत राहिला. गुन्ह्यासाठी नाही, पंधरा हजारांसाठी.

त्या चार महिन्यांत बाहेर काय झाले? त्याच्या बायकोने वकिलासाठी म्हणून महिना शेकडा दहाने पैसे काढले. कोर्टाच्या आवारात भाडोत्री जामीनदार मिळवून देतो म्हणणाऱ्या एकाने त्यातले निम्मे घेतले आणि तो पुन्हा दिसला नाही. धाकट्या दिराची शाळा सुटली, तो तिच्याबरोबर सिग्नलला उभा राहू लागला. आणि आत? आत त्याच्या बराकीत साखळ्या खेचणाऱ्या टोळीतले दोघे होते. त्यांनी त्याला साबण दिला, अंथरायला दिले, मार खाण्यापासून वाचवले. बाहेर आला तेव्हा घरी व्याजासह मोठे कर्ज होते आणि त्याला दोन फोन नंबर पाठ होते.

अंधेरीच्या ताईंना मी हे फोनवर सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांची साखळी नेणारे कोण होते मला माहीत नाही. पण असे लोक कुठे तयार होतात ते मला माहीत आहे.

हा एकट्या मुंबईचा प्रश्न नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालायचा आहे असे. दर चारांत तीन. १९७९ मध्ये हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधल्या कच्च्या कैद्यांची स्थिती पाहून जलद न्याय हा मूलभूत हक्क ठरवला, त्याला आता पंचेचाळीस वर्षे होऊन गेली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमात, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने संभाव्य शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला असेल तर त्याला सोडावे, असे आहे. चांगले आहे. पण त्याच कलमात पुढे, एकापेक्षा जास्त प्रकरणे प्रलंबित असतील तर हा लाभ नाही, असेही आहे. आणि आपल्या लोकांवर एक प्रकरण सहसा नसतेच. एकदा उचलला की जुनी तीन न उलगडलेली प्रकरणे त्याच्याच नावावर जातात.

त्यातून दुसरी एक वाईट वाट निघते. “कबूल कर, जेवढे दिवस काढलेस तेवढ्यात सुटशील,” असा सल्ला मिळतो. घरी लेकरे उपाशी असतात, तो कबूल करतो. सुटतो खरा, पण आता तो शिक्षा झालेला. पुढच्या वेळी तो सराईत.

काय केल्याने फरक पडतो

आफ्रिकेतल्या लायबेरियाच्या मन्रोव्हिया शहरात २००९ ते २०१२ या काळात एक प्रयोग झाला. यादवी युद्धानंतर रस्त्यावर चोऱ्या, मारामाऱ्या करून जगणारे ९९९ तरुण निवडले. काहींना आठ आठवडे समुपदेशन दिले : राग आला तर काय करायचे, उद्याचा विचार कसा करायचा, स्वतःकडे चोर म्हणून न पाहता कसे पाहायचे. काहींना नुसते दोनशे डॉलर दिले. काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. नुसत्या पैशाचा परिणाम लवकर विरला, नुसत्या समुपदेशनाचाही हळूहळू कमी झाला. दोन्ही मिळालेल्यांचे गुन्हे मात्र जवळजवळ निम्म्यावर आले आणि दहा वर्षांनी पाहिले तरी तो फरक टिकलेला होता. मला यात नवल वाटले नाही. पैसा हातात नसेल तर नवे मन पहिल्या अडचणीला मोडते, आणि मन बदलले नसेल तर पैसा आठवड्यात संपतो. आपल्याकडे उपदेश भरपूर होतो आणि ब्लँकेटे भरपूर वाटली जातात, पण एकाच माणसाला दोन्ही, तेही वर्षभर, असे क्वचित होते. नाताळात ब्लँकेट वाटल्याने गुन्हे कमी होत नाहीत. थंडी कमी होते, तेवढ्यासाठी जरूर वाटावीत.

शाळेचा परिणाम हळू पण खोल असतो. अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने सरकारी नोकरी सोडून आपल्याच समाजातल्या, भीक मागणाऱ्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही निवासी शाळा काढली. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत तिचाच काही भाग गेला. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने पारधी मुलांसाठी वसतिगृह आणि शाळा उभी राहिली. त्या मंडळींचा विचार आपल्यापेक्षा वेगळा आहे, पण काम चांगले आहे आणि चांगल्याला चांगले म्हणावे. उपनगरात आम्ही वेगळी शाळा काढत नाही. महापालिकेच्या शाळेतच मूल टिकावे यासाठी खटपट करतो. वर्गात ‘पारध्याचा’ म्हणून हाक मारली की मूल दुसऱ्या दिवशी येत नाही. शिक्षकांशी याबद्दल बोलणे हे फी भरण्याइतकेच आमचे काम आहे.

दारूबद्दल लिहिले तर दुसरा लेख होईल. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा विकणारे पकडले गेले आणि पिणारे पुरले गेले. ज्या घरांतले कमावते हात गेले त्या घरांकडे वर्षभरानंतर कोण गेले, हा प्रश्न मी तेवढा विचारून ठेवते.

कायदा सगळा आपल्याविरुद्धच आहे असेही नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमानुसार अनुसूचित जमातींच्या लोकांना, स्त्रियांना, मुलांना आणि कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्न न पाहता. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता प्रकरणाच्या निकालात न्यायालयाने तुरुंगातला जातीवरचा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना सांगितले. केंद्र सरकारची २०२३ ची योजना सुरू झाली तेव्हा तिच्यात गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत ठरली होती. नव्या न्याय संहितेत पाच हजारांखालची पहिली चोरी असेल आणि मालाची किंमत परत केली तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. आपल्या चर्चच्या शाळा, दवाखाने, वृद्धाश्रम अशी सेवा करून घ्यायला तयार आहेत असे न्यायालयाला कळवले, तर ही तरतूद कागदावरून जमिनीवर यायला मदत होईल. दोन पाळकांशी मी याबद्दल बोलले आहे. एकांनी होकार दिला, दुसऱ्यांनी ‘समितीपुढे ठेवतो’ म्हटले आहे.

पण या सगळ्या तरतुदी हलायला एक हलवणारा माणूस लागतो. अर्ज लिहिणारा, तारीख लक्षात ठेवणारा, कारकुनाला दुसऱ्यांदा विचारणारा. जामिनाची ओळ जितकी पैशांची आहे त्याहून अधिक या माणसाची आहे.

मुलुंडच्या बंधूंच्या शंकेला नेमके उत्तर द्यायचे तर, होय, काही जण पुन्हा करतात. एक जण तारखेला आलाच नाही आणि भरलेली रक्कम न्यायालयाने जप्त केली. म्हणून आमचे नियम आहेत. लहान मुलांवर किंवा स्त्रियांवर अत्याचाराचा आरोप असेल तर आम्ही मोफत वकिलाची माहिती देतो, कारण तो प्रत्येकाचा हक्क आहे, पण निधीतून जामीन भरत नाही. ज्यांच्यासाठी भरतो त्यांच्या घरी तारखेच्या आदल्या दिवशी कुणीतरी जातो. आणि पैसे बुडीत खात्याचे नसतात. खटला संपला की रोख जामीन परत मिळतो आणि पुढच्यासाठी वापरता येतो.

अंधेरीच्या ताईंच्या प्रश्नाचे माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. गुन्ह्याने इजा झालेल्यांना विधी सेवा प्राधिकरणामार्फत नुकसानभरपाई मागता येते, ती माहिती मी त्यांना पाठवली. पण त्यांचे म्हणणे पैशांबद्दल नव्हते. ओळखपरेडीला त्या एकट्या गेल्या, टाके ओले असताना तीन तास बाकावर बसल्या, आणि मंडळीतले कुणी बरोबर नव्हते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने बंदिवानाची भेट आणि आजाऱ्याची भेट एकाच दमात मोजली आहे. आम्ही पहिलीसाठी माणसे शोधतो, तशी दुसरीसाठीही शोधायला हवीत. पुढच्या तारखेला मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.

या तिमाहीत आम्हांला पैशांपेक्षा तीन प्रकारची माणसे हवी आहेत. पहिली, उशिराच्या जन्मनोंदणीचे अर्ज भरायला – निवृत्त कारकून, शिक्षक, रेल्वेवाले, कुणीही. हस्ताक्षर वाचण्यासारखे आणि डोके शांत असले की पुरे. दुसरी, गुन्ह्याची झळ लागलेल्या कुटुंबांबरोबर ठाण्यात आणि कोर्टात बसायला. तिसरी, जामीनदार. जामीनदाराने नीट समजून घ्यावे, की आरोपी आला नाही तर ठरलेली रक्कम भरण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. म्हणून घरच्यांशी बोलूनच नाव द्यावे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि विक्रोळी या न्यायालयांसाठी प्रत्येकी दोन-तीन नावे मिळाली तरी काम चालेल. येताना मूळ रेशनकार्ड, आधार, पॅन, पगाराची किंवा पेन्शनची पावती आणि दोन फोटो आणावेत. डबा आणि पाण्याची बाटलीही बरोबर ठेवावी. नंबर अकराला लागेल की चारला, हे कुणालाच सांगता येत नाही.